हलगी किती लांब उभी करायची?

१) दीर्घ थ्रेड. किल्ले धारूरमधील दहा बाय बाराच्या एका खोलीत तयार झालेला ड्रम अँड बेसचा एक ट्रॅक, त्याच्या मिक्सिंगवर मिळालेले तीन अभिप्राय आणि त्या निमित्ताने उलगडत गेलेला ध्वनिमुद्रणाचा इतिहास. नेहमीप्रमाणे सनावळी येईलच. परंतु या वेळी विषय घरचा असल्यामुळे ‘मी’ वारंवार येणार आहे. त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो.

२) प्रथम स्थळ. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले धारूर हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. आदिलशाही सरदार किश्वर खान याने सोळाव्या शतकात येथे किल्ला बांधला. पुढे तो निजामशाहीकडे आणि १६३१ मध्ये मोगलांकडे गेला. आज गावाची ओळख दोन गोष्टींनी होते : डोंगरातली सीताफळे, आणि दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी माणसे.

३) किल्ला म्हटला की नगारखाना आलाच. नगारा उंचावर, वेशीच्या माथ्यावर वाजे. कारण त्याचा नाद ही सत्तेची खूण होती आणि ती दूरवर पोचणे आवश्यक होते. गावातले दुसरे चर्मवाद्य मात्र जमिनीवर, धुळीतून चालत वाजे. ते म्हणजे हलगी. नगारा ज्यांच्यासाठी वाजे त्यांची नावे बखरीत आली. हलगी ज्यांनी वाजवली त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

४) हलगीची रचना अगदी साधी. एक गोल कडे, त्यावर ताणून बसवलेले कातडे, एक जाड टिपरू आणि एक बारीक काडी. वाजवण्यापूर्वी ती जाळावर शेकावी लागते. उष्णतेने कातड्यातली ओल जाते, ताण वाढतो आणि आवाज ‘चढतो’. थंड झाली की पुन्हा उतरतो. दवंडी, लग्नाची वरात, देवाची पालखी, जत्रेतली कुस्ती, अंत्ययात्रा, यांतले गावाचे एकही काम तिच्याविना पुरे होत नसे.

५) आमचे घर मातंग समाजातले. माझे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, गावची दवंडी देत. हलगीवर चार ठोके, मग सरकारी हुकूम किंवा पंचायतीचा निरोप, मग पुन्हा चार ठोके. गावात सर्वांत आधी बातमी कळणारा आणि सर्वांत शेवटी पंगतीला बसवला जाणारा माणूस, असे स्वतःचे वर्णन ते हसत करत. तरुणपणी हसत नसावेत.

६) येथे एक तारीख नोंदवायला हवी. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या चाललेली सक्तीची गावकी हा त्या काळातला कळीचा प्रश्न होता. पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगावी अनेक घरांनी हलगी खुंटीला टांगली ती याच विचारातून.

७) आबांनीही दवंडी सोडली. हलगी माळ्यावर गेली. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे चुलते, आमचे तात्या, यांनी ती पुन्हा खाली काढली. पण अट घालून. फुकट वाजवायची नाही, बोलावणे आले म्हणून धावायचे नाही. सुपारी ठरेल, पैसे ठरतील, मग हलगी. वर्षातले पाच-सहा महिने तात्या आणि काकू कारखान्याच्या फडावर असतात. उरलेल्या दिवसांत जत्रा आणि लग्ने.

८) माझे बसस्थानकाजवळ मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. रात्री जुन्या लॅपटॉपवर मी संगीत जुळवतो. शिक्षण यूट्यूबवरचे, हेडफोन दुकानातले. हलगी आणि ड्रम अँड बेस यांचा मेळ घालावा, ही कल्पना मला एका जत्रेत तात्यांची दुगुन ऐकताना सुचली. का सुचली हे सांगण्यासाठी धारूरहून थोडे लांब जावे लागेल.

९) ड्रम अँड बेस म्हणजे काय? मिनिटाला साधारण १७० ते १७५ मात्रांची गती. वर तुकड्या-तुकड्यांत मोडलेला, अखंड धावणारा ड्रम. खाली अतिशय खर्जातला बेस. मौज अशी की बेस बहुधा निम्म्या गतीने चालतो. ड्रम १७४ वर, बेस ८७ वर. आपल्या भाषेत सांगायचे तर ठाय आणि दुगुन एकाच वेळी. पाय संथ पडतात आणि छाती धावते. जत्रेत हलगीसमोर नाचलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

१०) या संगीताचे मूळ जमैकात आहे. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसे घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु पोटासाठी घर सोडणारी माणसे सामानात आपले वाद्य नेतात, एवढे साम्य मला दोन्हीकडे दिसते.

११) किंग्स्टनमध्ये रस्त्यावर मोठमोठे स्पीकर रचून नाच होत. त्यांना साउंड सिस्टिम म्हणत. तेथील किंग टबी हा मुळात रेडिओ आणि विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. १९७० च्या दशकात त्याने तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढून टाकला, ड्रम आणि बेस पुढे आणले, बाकी सारे प्रतिध्वनीत विरघळवले. या प्रकाराला डब म्हणतात. मिक्सिंगचे टेबल हेच त्याचे वाद्य. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या मला या माणसाविषयी आपुलकी वाटावी, यात नवल नाही.

१२) दुसरे मूळ अमेरिकेत. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाने ‘आमेन, ब्रदर’ नावाची एक रचना ध्वनिमुद्रित केली. तीत मध्येच ड्रमवादक ग्रेगरी कोलमन सुमारे सात सेकंद एकटा वाजवतो. केवळ चार आवर्तने. १९८० च्या दशकात सॅम्पलर हे यंत्र आले आणि हे सात सेकंद कापून, वेगवान करून, उलटसुलट जोडून हजारो रचना तयार झाल्या. जंगल आणि ड्रम अँड बेसचा तो जवळजवळ मूळ ठोकाच ठरला.

१३) १९९० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये जमैकाचा खर्ज आणि कोलमनचा ठोका एकत्र आले. १९९५ मध्ये गोल्डीचा ‘टाइमलेस’ आला. १९९७ चे मर्क्युरी पारितोषिक ब्रिस्टलच्या रॉनी साइझ आणि ‘रेप्रझेंट’ यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ला मिळाले. १९९९ मध्ये तेच पारितोषिक तबलावादक तल्विन सिंग यांच्या ‘ओके’ या अल्बमला मिळाले. आपले चर्मवाद्य या संगीतात शिरले, त्याला आता पाव शतक उलटून गेले आहे.

१४) आता मुख्य विषय, अभिप्राय. लंडनचे ते संगीतकार घरी मिक्स केलेला ट्रॅक प्रथम ‘डबप्लेट’वर कापून घेत. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा मऊ लेप. काही डझन वेळा वाजली की झिजून जाणारी. ती रात्री क्लबमध्ये वाजवायची, मोठ्या स्पीकरवर खर्ज कसा वागतो ते ऐकायचे, माणसे नाचतात की थबकतात ते पाहायचे आणि घरी जाऊन मिक्स बदलायचे. नाचणारी गर्दी हीच परीक्षक. ही रीतही मुळात जमैकाचीच.

१५) माझ्याकडे ना तबकडी, ना क्लब. श्रावणातल्या एका रात्री तात्यांना खोलीत बसवून, एक साधा माइक मांडून हलगी ध्वनिमुद्रित केली. बाहेर भुरभुर पाऊस होता. तात्यांनी सुरुवातीला हलगी शेकली होती. परंतु मी एकेक प्रकार पाच-पाच वेळा वाजवून घेतला आणि दरम्यान जाळ विझून गेला. शेवटी तात्या म्हणाले, “आता ती निजली बघ.” मी ते वाक्य थट्टेत घेतले. ती माझी पहिली चूक.

१६) मिक्सिंग मी रात्री अकरानंतर करत असे. आई झोपलेली, म्हणून आवाज अगदी हळू. येथे विज्ञान आडवे आले. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाच्या कानाचे मोजमाप प्रसिद्ध केले. आवाज हळू असेल तेव्हा कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो भराभर वर येतो. हळू ऐकत मिक्स करणारा माणूस हमखास खर्ज जास्त घालतो. मी तेच केले.

१७) दुसरे कारण खोलीचे. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा नाद दोन भिंतींमध्ये अडकतो. भिंतीजवळ तो प्रचंड मोठा ऐकू येतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. माझा बेस काळी तीनच्या खालच्या खर्जात, म्हणजे ४६ हर्ट्झच्या आसपास होता, आणि माझी खुर्ची बरोबर मधोमध. दुकानातले हेडफोनही त्या खर्जाला पोचत नव्हते. त्यामुळे माझ्या कानांना बेस कायम उपाशी वाटत राहिला आणि मी त्याला वाढत गेलो.

१८) पहिला अभिप्राय पुण्यातल्या एका मित्राचा. तो ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे. त्याच्या खोलीच्या भिंतींना नाद शोषणारे जाड थर आहेत. त्याने ट्रॅक ऐकला आणि तासाभराने फोन केला. “वाईट वाटून घेऊ नकोस,” अशी सुरुवात झाली. या वाक्यानंतर जे येते ते बहुधा खरे असते.

१९) त्याचे म्हणणे मुद्देसूद होते. एक, ४६ हर्ट्झवर खर्जाचा ढीग साचला आहे. दोन, किक आणि बेस एकाच क्षणी एकाच जागी पडतात; किक पडेल तेव्हा बेसने क्षणभर मान खाली घालावी, अशी योजना कर. तीन, बेस डाव्या-उजव्या बाजूंना पसरवला आहेस; एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र आल्या की त्या एकमेकींना खोडतील, म्हणून खर्ज मधोमध ठेव. चार, सगळ्याच पट्ट्या कमाल पातळीला टेकल्या आहेत. थोडी मोकळी जागा सोड. चारही मुद्दे अचूक होते.

२०) पाचवा मुद्दा हलगीचा. हलगी आणि स्नेअर यांचे आवाज एकाच पट्टीत येतात, त्यामुळे दोन्ही गढूळ होतात. ध्वनिशास्त्रात याला झाकोळणे म्हणता येईल : एका जागी दोन आवाज आले की मोठा आवाज लहानाला गिळतो. मित्र म्हणाला, “स्नेअर या प्रकाराचा कणा आहे. हलगीला मागे घे, थोडी बारीक कर, रिव्हर्ब दे. वातावरण म्हणून छान वाटेल.”

२१) मी तसे केले. हलगीचा वरचा भाग कापला, पातळी उतरवली, वर रिव्हर्ब घातला. आवाज लांब नेण्याचे हे तीन ठरलेले उपाय आहेत, कारण निसर्गातही दूरचा आवाज तसाच येतो : लहान, बोथट आणि आजूबाजूच्या भिंतींवर आपटून आलेल्या नादात भिजलेला. ट्रॅक एकदम स्वच्छ झाला. मित्राने शाबासकी दिली. मलाही पहिल्यांदाच तो ‘खऱ्यासारखा’ वाटला.

२२) क्षणभर इतिहासात मागे जाऊ. मिक्सिंग म्हणजे अंतर ठरवणे, हे ग्रामोफोनच्या आरंभीच्या काळात अक्षरशः खरे होते. १९०२ मध्ये फ्रेडरिक गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा माइक नव्हता. एक मोठा कर्णा होता. गायिका कर्ण्याच्या तोंडाशी, साथीदार त्यांच्या मागे. ज्याचा आवाज पुढे हवा त्याने जवळ उभे राहायचे. ज्याचा मागे हवा त्याने दूर. १९२५ मध्ये विद्युत माइकने ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत जगभर हाच मिक्सर होता.

२३) पुढे यंत्रे आली आणि अंतर बोटाने ठरवता येऊ लागले. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी अनेक गाजलेल्या चित्रपटांचे री-रेकॉर्डिंग केले. संवाद, पार्श्वसंगीत, पावलांचा आवाज, पाऊस यांपैकी कोणी कधी पुढे यावे आणि कोणी कधी मागे सरावे, हे ठरवणे हीच त्यांची कला. प्रेक्षकाला त्यांचे काम दिसत नाही. फक्त कशाकडे लक्ष द्यायचे ते आपोआप कळते. मिक्स करणारा माणूस पंगत मांडतो म्हणा ना.

२४) दुसरा अभिप्राय तात्यांचा. दसरा झाला होता, मुकादमाची उचल घेऊन झाली होती, टोळी पंधरा दिवसांत निघणार होती. टोळीच्या ट्रॅक्टरवर दोन भलेमोठे स्पीकर बसवलेले होते. रस्त्याने ऊस वाहणारे ट्रॅक्टर गाणी लावून जातात हे आपण सर्वांनी ऐकले आहे. मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. मनात म्हटले, हीच माझी डबप्लेट.

२५) बेस सुरू झाला तशी ट्रॉलीच्या फाळक्याची साखळी थरथरू लागली. पोरे गोळा झाली. दोघे-तिघे नाचूही लागले. मित्राच्या सूचना खऱ्या ठरल्या होत्या : खर्ज मोकळा, किक ठळक, काहीही फाटत नव्हते. तात्या चाकाला टेकून, खाली मान घालून ऐकत होते. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, “हलगी कुठंय रं?”

२६) मी म्हणालो, “आहे की तात्या. मागं आहे. नीट ऐका.” पुन्हा लावले. तात्यांनी पुन्हा शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “लेकरा, लग्नात आमाला वरातीच्या म्होरं घालायचे आन् जेवायच्या टायमाला मागं. तू तर वाजवतानाच मागं घातलंस.”

२७) ते रागावले नव्हते. मुकादमाने हिशेब चुकवला तर ज्या आवाजात ते सांगत त्याच आवाजात त्यांनी हे सांगितले. मी तांत्रिक बाजू समजावू लागलो. स्नेअर, झाकोळणे, जागा. ते म्हणाले, “मग त्या दुसऱ्याला सांग की जरा सरक म्हून. सरकायचं आमीच का?” या प्रश्नाचे ध्वनिशास्त्रात उत्तर नव्हते. दोन आवाज एका जागी आले तर एकाने सरकायला हवे, एवढेच शास्त्र सांगते. कोणी सरकायचे, ते मिक्स करणारा ठरवतो. आणि मी कसलाही विचार न करता ठरवून मोकळा झालो होतो.

२८) तिसरा अभिप्राय चुलत भावाचा. तात्यांचा मुलगा बीडला राहून पोलीस भरतीची तयारी करतो. त्याने दोन्ही प्रकार ऐकले आणि म्हणाला, “दादा, गाणं चांगलंय. पण आबांनी जे माळ्यावर टाकलं ते तुम्ही मोबाइलवर आणताय. उद्या कोणीतरी म्हणणार, वाजवणाऱ्याचा पोरगा. खाली आपलं आडनाव लिहू नका.”

२९) मला त्याचा राग आला आणि मग आला त्याहून जास्त वेळ लाजही वाटली. हलगी पुढे आणणे हा मला मान वाटत होता. त्याच्या दृष्टीने ती जुन्या जोखडाची आठवण होती. हलगी खाली ठेवणाऱ्या आबांनाही स्वाभिमान हवा होता आणि ती पैसे ठरवून पुन्हा उचलणाऱ्या तात्यांनाही. एका घरात एकाच वाद्याविषयी ही दोन मते आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेली आहेत. या थ्रेडमध्ये मी त्यांचा निवाडा करणार नाही. भावाने मागितलेली गोष्ट रास्त होती, एवढे मात्र मान्य केले.

३०) आता हलगीकडे. मी मूळ ध्वनिमुद्रण उघडून ऐकले आणि ‘ती निजली’ या वाक्याचा अर्थ उमगला. पहिल्या खेपेची हलगी टणक आणि स्पष्ट होती. पाचव्या खेपेची सैल, घुमणारी, भोपळ्यासारखी. आणि मी ट्रॅकमध्ये वापरली होती ती पाचवी, कारण तिच्यात लय सर्वांत जमली होती. जो गढूळपणा मित्राला खटकला त्यातला बराचसा स्नेअरमुळे नव्हताच. तो श्रावणातल्या ओलीचा होता.

३१) यामागचे शास्त्रही रंजक आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात. म्हणून त्याला निश्चित सूर नसतो. मृदंग आणि तबला यांच्यावरची शाई हे उपस्वर सुरेल जुळवते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. हलगीला शाई नाही. तिचे सारे सामर्थ्य ताणात. ताण गेला की उरतो तो नुसता घुमार, आणि कोणताही ईक्यू गेलेला ताण परत आणू शकत नाही.

३२) टोळी निघण्याच्या चार दिवस आधी आम्ही पुन्हा ध्वनिमुद्रण केले. या वेळी अंगणात, कोरड्या हवेत, शेजारी काटक्यांचा जाळ पेटता ठेवून. दर दोन खेपांनंतर हलगी जाळावर. माइक हलगीपासून हातभर अंतरावर. खोलीच्या भिंती नाहीत, त्यामुळे प्रतिध्वनी नाही. मागे जळत्या काटक्यांचा तडतडाट आला आहे. तो मी ठेवला.

३३) मग मिक्स नव्याने मांडला. आधी हलगी एकटी, कोरडी, अगदी पुढे. नंतर तिच्याभोवती बाकीचे. स्नेअरमधला जो भाग हलगीच्या आड येत होता तो कापला. स्नेअर थोडी वर आणि मागे गेली. रिव्हर्ब हलगीचा काढून स्नेअरला दिला. खुर्ची खोलीच्या मधोमध होती ती भिंतीपासून सुमारे चार फुटांवर आणली आणि खर्ज दिवसा, ट्रॅक्टरवर तपासला. पुण्याच्या मित्राचे पहिले चारही मुद्दे जसेच्या तसे पाळले. पाचवा उलटा केला. त्याने ऐकून म्हटले, “नियमाबाहेर आहे. पण आता हलगीला हलगी म्हणता येतं.”

३४) नावाचा प्रश्न उरला होता. तेव्हा मला ग्रेगरी कोलमन आठवला. त्याचे सात सेकंद हजारो रचनांत, जगभरच्या क्लबांत, सर्वांत पुढे वाजत राहिले. त्याला त्याबद्दल मोबदला मिळाला नाही. २००६ मध्ये तो निर्धन अवस्थेत वारला. आवाज पुढे आणि माणूस मागे, असेही होऊ शकते. नुसती पातळी वाढवून हे अंतर मिटत नाही.

३५) मी तात्यांना भावाचे म्हणणे सांगितले आणि माझेही. ते बराच वेळ टिपऱ्याचे टोक बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, “माझं नाव लिव्ह. आडनाव राहू दे. त्याचंबी खरं हाय.” ट्रॅकखाली पहिली ओळ हलगीची आणि तात्यांच्या नावाची आहे, माझे नाव तिच्याखाली. पुढे कधी त्यातून काही पैसे आले तर त्यांत निम्मा वाटा तात्यांचा, हेही सुपारीसारखे आधीच ठरवून घेतले आहे. अट त्यांची नव्हती, माझी होती. पण त्यांनी ती लगेच मान्य केली.

३६) दिवाळी आटोपताच टोळी निघाली. ट्रॉलीत पीठ, भांडी, सरपण, लेकरे आणि एका पोत्यात गुंडाळलेली हलगी. मी अंतिम मिक्स तात्यांच्या फोनवर पाठवला होता. फडावर नेटवर्क धड नसते. बारा दिवसांनी त्यांचा आवाजी निरोप आला. मागे कोप्यांमधला गलका, कुणाची तरी खोकल्याची उबळ, एक रडणारे मूल.

३७) निरोप असा : “ऐकलं. हलगी हाय आता. पण शेवटाला तू ती हळूहळू बारीक करत नेलीस. हलगी अशी मरत नसती बाबा. उठाव घ्यायचा आन् एकदम थांबायचं.” सगळीकडे शेवट हळूहळू विरत नेतात म्हणून मीही नेला होता. त्याच रात्री लॅपटॉप उघडला. तात्यांचा एक जोरकस उठाव मूळ ध्वनिमुद्रणात सापडला. तो शेवटी बसवला आणि त्यानंतर पूर्ण शांतता ठेवली. फक्त काटक्या तडतडतात.

३८) तोही मिक्स पाठवला आहे; अद्याप उत्तर आलेले नाही. टोळी मार्च-एप्रिलपर्यंत परतेल. तोपर्यंत माझ्या दृष्टीने हा ट्रॅक अपुराच.

३९) थ्रेड येथे थांबवतो. आपल्या भागात हलगीला कोणते नाव आहे, ती शेकण्यासाठी काय जाळतात, आणि आपल्या गावात ती वाजवणाऱ्या माणसाचे नाव काय, हे ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. नाव मात्र त्या माणसाला विचारूनच लिहा.